मुलाचं पोट सारखं बिघडतंय आणि कारण सापडत नाही, तेव्हा काय करायचं

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचं पोट फुगायला लागलं. हातपाय काडीसारखे आणि पोट नगाऱ्यासारखं. दिवसातून चारदा शी, पातळ, उग्र वासाची, दोन बादल्या पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारी. वजनाचा काटा 14 किलोवर अडकला तो हलेचना. तिला सिलियाक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे तिच्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतंय, हे कळायला पावणेदोन वर्षं लागली. त्यातले आठ महिने तर आमच्याच एका चुकीने गेले. ती चूक पुढे सविस्तर सांगते, कारण तीच सगळ्यात जास्त घरांत होते.

मी डॉक्टर नाही. औषधं आणि डोस यांबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. डॉक्टरांपर्यंत काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि कशाची घाई करायची नाही, एवढंच सांगते.

आधी हे बघा: कशासाठी थांबायचं नाही

काही लक्षणं वहीत लिहीत बसायची नसतात, मूल उचलून थेट दवाखाना गाठायचा असतो. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो. बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग दहा-पंधरा मिनिटं गप्प, पुन्हा किंचाळतं आणि नंतर लालसर जेलीसारखी शी होते, तेव्हा आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. पोट दगडासारखं कडक होऊन मूल हात लावू देत नाही, दुखणं बेंबीपासून सरकत उजवीकडे खाली गेलं, उलटीत रक्त आलं, शी डांबरासारखी काळी झाली (लोहाच्या औषधानेही शी काळी होते, तेव्हा ते चालू असेल तर तसं सांगा), मूल सुस्त पडलंय आणि सात-आठ तास लघवी नाही, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या घरांत माहीत असते. जन्मानंतर दोन आठवडे उलटले तरी बाळाची कावीळ उतरली नाही आणि शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी होत असेल, तर ‘कोवळ्या उन्हात धरा’ म्हणून ऐकून घेऊ नका. पित्तनलिका बंद असण्याची शक्यता असते आणि त्याचं ऑपरेशन पहिल्या 60 दिवसांत झालं तर चांगलं होतं.

वही घाला

डॉक्टरांकडे तुम्हाला दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत ‘खूप दिवसांपासून पोट दुखतंय, कधीकधी जुलाब होतात’ एवढंच सांगितलं, तर कुठलाही डॉक्टर आधी जंताचंच औषध देणार. शंभर पानी वही घ्या आणि दोन आठवडे रोज लिहा. शी किती वेळा आणि कशी, दुखलं तर किती वाजता, कुठे, किती वेळ, दुखण्याआधी काय खाल्लं होतं, उलटी, ताप, झोप, शाळा बुडाली का. ‘जेवण झालं’ असं लिहू नका, ‘अर्धी पोळी, बटाट्याची भाजी, दोन बिस्किटं’ असं लिहा.

शीचं वर्णन करायला लाज वाटते, पण सगळं निदान बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं. ब्रिस्टॉल तक्ता म्हणून एक चित्रांचा तक्ता असतो, त्यात शीचे 7 प्रकार दाखवलेत. 1 म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, 4 म्हणजे मऊ आणि अखंड, 7 म्हणजे निव्वळ पाणी. रोज नुसता आकडा लिहिला तरी चालतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी पहिल्यांदा फोटो दाखवला तेव्हा ओशाळले होते. डॉक्टर मात्र खुर्ची पुढे ओढून बघत बसले आणि म्हणाले, हिच्या शीतून तूप-तेल तसंच बाहेर पडतंय.

चड्डीला सतत डाग लागत असतील तर तेही लिहा. पुष्कळ आईवडील याला जुलाब समजतात आणि जुलाब थांबवायचं औषध देतात. प्रत्यक्षात आत कडक शीचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपत असते. म्हणजे तो बद्धकोष्ठ असतो, आणि जुलाबाच्या औषधाने तो आणखी घट्ट होतो. पोर मुद्दाम चड्डी घाण करत नसतं. त्याला ते कळतही नसतं. त्यावरून त्याला रागावू नका, मारू तर मुळीच नका.

वजन आणि उंची यांचे जुने आकडे शोधा

मला वाटतं, सगळ्या फायलीत हा कागद सगळ्यात बोलका असतो. दोन वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल साधारण वर्षाला 2 किलो वजनाने आणि 5-6 सेंटिमीटर उंचीने वाढतं. पोट दुखतंय पण वाढ नीट आहे, ही एक गोष्ट. पोट दुखतंय आणि वाढही थांबलीय, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट, आणि ही दुसरी गोष्ट डॉक्टरांना आकडे दाखवल्याशिवाय पटत नाही.

आकडे कुठे मिळतील? लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडी ताईंचं वजनाचं रजिस्टर, शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमध्ये येऊन मुलं तपासतं, त्यांच्याकडे नोंद असते. कुपोषण किंवा रक्तक्षय दिसला तर ते पथक वरच्या रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठीही देतं. काहीच सापडलं नाही तर वाढदिवसाचे फोटो आणि कपड्यांचं माप आठवा. ‘दोन दिवाळ्या तोच फ्रॉक होतोय’ हे माझं वाक्य डॉक्टरांनी तसंच्या तसं केसपेपरवर लिहून घेतलं होतं.

पहिला डॉक्टर बालरोगतज्ज्ञच असू द्या

एकच डॉक्टर धरा. आपल्याकडे होतं काय, पंधरा दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलतो, आणि प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या पानापासून सुरुवात करतो. जंताचं औषध तिसऱ्यांदा, अँटिबायोटिक चौथ्यांदा. (शाळेत 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी मिळाली असेल तर तेही सांगा.) बदलायचाच असेल तर जुन्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून सोबत न्या.

पहिल्या भेटीत या गोष्टी आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका: दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठतं का, शीतून रक्त जातं का, ताप राहून राहून येतो का, तोंडात वरचेवर फोड येतात का, सांधे दुखतात का, शीच्या जागेजवळ गळू किंवा चीर आहे का, घरात कुणाला सिलियाक, थायरॉइड, लहानपणापासूनचा मधुमेह, आतड्याला सूज येण्याचा आजार किंवा क्षय झालाय का. यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर चाचण्या लांबवू नयेत. जॉन अ‍ॅप्ली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी एक ठोकताळा सांगून ठेवलाय: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आतला आजार असण्याची शक्यता जास्त. तो दर वेळी खरा ठरतोच असं नाही. पण मुलाला ‘एका बोटाने दाखव कुठे दुखतंय’ असं घरीच विचारून ठेवा.

घरातली मोठी माणसं म्हणतील दात येताहेत, दृष्ट लागली, उष्णता आहे, आईचं दूध बाधतंय. माझ्या सासूबाईंनी तिची किती वेळा मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली असेल त्याला गणती नाही. मी कधी अडवलं नाही, कारण त्यांचाही जीव तुटत होता. फक्त दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलली नाही. ओव्याचा शेक, हिंगाचा लेप यांनी वेळ निभावते. मात्र कुणी पोटावर चटके द्यायला किंवा कसलं भस्म पोटात घ्यायला सांगितलं तर तिथे ठाम नाही म्हणा.

चाचणी होईपर्यंत ताटातलं काही बंद करू नका

आता आमची चूक.

नात्यातल्या एकाने सांगितलं, गहू बंद करून बघा, आमच्या ओळखीत एकाला गुण आला. आम्ही सोलापूरची माणसं, घरात ज्वारी असतेच. जूनमध्ये पोळी बंद केली, भाकरी सुरू केली. पोट जरा उतरलं, पण पूर्ण नाही, कारण बिस्किटं आणि शेवया चालूच होत्या आणि त्यात गहू असतो हे डोक्यातच आलं नाही. पुढे त्या कमी केल्या. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी रक्ताची सिलियाकची चाचणी केली. नॉर्मल आली. आम्हाला हायसं वाटलं. गव्हाचं काही नाही म्हणून डब्यात पुन्हा पोळी गेली आणि पुढचे आठ महिने तिचे फार वाईट गेले.

पुढच्या जूनमध्ये एका मोठ्या शहरात मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. माझ्याकडे वही नंतरची होती, आधीचं काही नव्हतं. पण भिंतीवरच्या जुन्या कालनिर्णयाची पानं मी दुधाच्या हिशेबासाठी ठेवली होती, तीच फाडून पिशवीत घातली होती. ‘दूध 1 लिटर’, ‘गॅस आला’ यांच्यामध्ये एका चौकोनात लिहिलेलं होतं, ‘पोळी बंद’. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं आणि ऑक्टोबरच्या रिपोर्टची तारीख शेजारी धरली. म्हणाले, ताई, त्या दिवशी हिच्या रक्तात काही सापडणारच नव्हतं.

या चाचणीचं नाव टीटीजी-आयजीए. शरीर ग्लूटेनवर चिडून जी प्रतिद्रव्यं तयार करतं ती त्यात मोजतात. गहू खाणंच बंद असेल तर ती हळूहळू उतरतात आणि चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येते. म्हणून रक्त दिल्याशिवाय, आणि एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून आतडं बघणं) ठरली असेल तर ती झाल्याशिवाय, गहू बंद करायचा नाही. आधीच बंद केला असेल तर ते लपवू नका. डॉक्टर ठरावीक आठवडे पुन्हा गहू खायला लावतात आणि मग रक्त घेतात. टीटीजीबरोबर एकूण आयजीएही (ज्या प्रकारची प्रतिद्रव्यं ही चाचणी मोजते तो प्रकार) मोजायला सांगा. काही मुलांत आयजीए मुळातच कमी असतं आणि मग टीटीजी नॉर्मल येऊनही त्याला अर्थ राहत नाही. ही एक ओळ चिठ्ठीवर आहे का ते बघून मगच लॅबमध्ये जा.

दुधाचंही असंच. दूध बंद करायचं असेल तर डॉक्टरांशी बोलून, ठरवून, दोन ते चार आठवडे, आणि मग पुन्हा सुरू करून बघायचं. पुन्हा सुरू करताना त्रास परत आला तरच दुधावर आरोप पक्का. नुसतं बंद करून महिनोन्महिने तसंच ठेवलं तर निदानही होत नाही आणि पोराचं कॅल्शियम मात्र जातं. मोठ्या जुलाबानंतर काही आठवडे दूध पचत नाही, तो प्रकार आपोआप बरा होतो.

पहिल्या फेरीतल्या चाचण्या आणि रिपोर्टातले घाबरवणारे शब्द

साधारण अशी यादी असते: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात कुठे सूज आहे का याचा अंदाज देणाऱ्या), लिव्हरच्या चाचण्या, लोह, थायरॉइड, टीटीजी, लघवी आणि शी. लघवीची चाचणी कशाला असं वाटतं, पण लहान मुलांत लघवीचा संसर्ग पोटदुखी म्हणूनच दिसतो. शीचा नमुना ताजा द्यायचा, वेगवेगळ्या दिवशी तीनदा मागितला तर तीनदा द्यायचा. जिआर्डिया नावाचा परोपजीवी एका नमुन्यात सहज निसटतो, आणि तो फुगलेलं पोट, वास येणारी शी, थांबलेलं वजन असं सगळं सिलियाकसारखंच चित्र उभं करतो. शीतून रक्त जात असेल तर शीतलं कॅलप्रोटेक्टिनही तपासतात, आतड्याला खरी सूज आहे का याचा त्यातून अंदाज येतो. अगदी लहान मुलांत हा आकडा मुळातच वर असतो, तेव्हा रिपोर्टवरची जाड अक्षरं बघून घाबरू नका.

सोनोग्राफीच्या कागदावर बहुतेक वेळा एक ओळ येते: मेसेंटेरिक लिम्फ नोड्स. म्हणजे आतड्याजवळच्या गाठी. ही ओळ वाचून मी रात्रभर झोपले नव्हते. आपल्याकडे गाठ म्हटलं की क्षय किंवा कॅन्सरच डोळ्यांसमोर येतो. खरं तर छोट्या गाठी निरोगी मुलांच्या पोटातही दिसतात आणि साध्या विषाणूच्या तापानंतर त्या थोड्या फुगतात. नुसत्या त्या ओळीवरून क्षयाचं निदान होत नाही. कुणी तेवढ्यावर सहा महिन्यांचे क्षयाचे उपचार सुरू करायला सांगितलं तर शांतपणे विचारा, ‘गाठींचा आकार किती आहे? याशिवाय आणखी कोणता पुरावा आहे? एखाद्या तज्ज्ञांना दाखवून घेऊ का?’ क्षय खरोखर असेल तर उपचार एक दिवसही चुकवायचे नाहीत, आणि म्हणूनच तो आहे का हे आधी नीट ठरायला हवं.

एका चाचणीवर मात्र पैसे घालवू नका. ‘200 पदार्थांची इनटॉलरन्स टेस्ट’ म्हणून रक्तातलं आयजीजी (दुसऱ्या प्रकारची प्रतिद्रव्यं) मोजणारं पॅकेज विकलं जातं. आयजीजी म्हणजे मुलाने तो पदार्थ खाल्लाय याची खूण, तो त्याला बाधतो याची नव्हे. रिपोर्टमध्ये तीस पदार्थ लाल येतात आणि आधीच हडकुळ्या पोराच्या ताटातून तांदूळ, अंडं, शेंगदाणे सगळं निघून जातं.

तज्ज्ञाकडे कधी, कुठे

वाढ थांबलीय, टीटीजी वाढलेलं आहे, रक्त जातंय, किंवा दोन-तीन महिने उपचार करूनही फरक नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या. मोठ्यांचे पोटविकारतज्ज्ञ वेगळे आणि मुलांचे वेगळे, हे आम्हाला उशिरा कळलं. मुलांचे तज्ज्ञ मोजकेच आहेत आणि मोठ्या शहरांत आहेत. मुंबईत परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय मुलांसाठीच आहे. जिल्ह्यात असाल तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात जा, तिथून पुढची वाट मिळते. रुग्णालयात शिरल्यावर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, आणि कोणती तपासणी योजनेत बसते ते दाखल होण्याआधी विचारा.

एंडोस्कोपी या शब्दाने पोटात गोळा येतो. ती अशी असते: सकाळी उपाशीपोटी न्यायचं, भूल देतात, तोंडातून बारीक नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत बघतात आणि अस्तराचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढतात. मुलाला ते काढताना कळत नाही. बहुतेक वेळा संध्याकाळी घरी. सिलियाक शोधत असतील तर एकच तुकडा पुरत नाही. कमीत कमी चार आणि शिवाय आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून एखाद-दुसरा घ्यावा लागतो, कारण खराबी सगळीकडे सारखी नसते. विचारायला संकोचू नका. आणि टीटीजी नॉर्मलच्या दहापटीहून जास्त असेल तर काही मुलांत दुसऱ्या रक्तचाचणीवरून एंडोस्कोपीशिवायही निदान करतात, तेही विचारा.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर

हे पुष्कळ मुलांच्या बाबतीत होतं. वाढ चांगली, धोक्याची खूण एकही नाही, रिपोर्ट स्वच्छ, तरी पोट दुखतंच. याला फंक्शनल पोटदुखी म्हणतात. म्हणजे आतड्याची रचना ठीक आहे, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला निरोप गरजेपेक्षा मोठ्या आवाजात जातो. हेही निदानच आहे. दुखणं खरं असतं. ‘नाटक करतोय, शाळा चुकवायची आहे’ असं त्याच्यासमोर म्हणू नका. उलट शाळेत काय चाललंय ते बघा. तिथलं स्वच्छतागृह घाण असल्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत शी दाबून धरणारी मुलं, विशेषतः मुली, मी स्वतः पाहिल्यात. जेवणानंतर दहा मिनिटं शीला निवांत बसवणं, कमोड असेल तर पायाखाली पाट देणं, दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्याचं दूध कमी करणं, एवढ्यानेही काही घरांत फरक पडतो. पण वजन मात्र दर तीन महिन्यांनी करत राहा. चित्र बदललं तर चाचण्याही पुन्हा करायच्या असतात.

सिलियाक निघालं तर स्वयंपाकघरात

गव्हाचा संबंध ओळखणारे विलेम डिके हे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा इतर मुलं खंगत असताना त्यांच्या वॉर्डातली सिलियाकची मुलं सुधारली, आणि आधीपासूनची त्यांची शंका पक्की झाली. आपल्याकडे त्या मानाने सोपं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळं चालतं. गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, जव आणि सातूचं पीठ बंद, आणि ते आयुष्यभर. थोडंसं चालतं असं काही नसतं.

दोन जागा मात्र आमच्या लक्षात आल्या नव्हत्या. एक हिंग. बाजारातल्या बऱ्याच हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे आमच्या रोजच्या आमटीत तो जात होता. डबीवरचा मजकूर वाचून घ्या, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. दुसरी गिरणी. आमच्या आधी कुणाचा गहू दळला की त्याच पात्यातून आमची ज्वारी निघायची. पंधरा दिवस भाकरीवर राहूनही पोट उतरेना तेव्हा हे सुचलं. मग घरघंटी घेतली. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. मुलीच्या धाकट्या भावाचंही टीटीजी करून घेतलं, कारण सख्ख्या भावंडांत हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. त्याचं नॉर्मल आलं, तो पोळी खातो, फक्त त्याचा तवा आणि पोळपाट वेगळा.

गहू सुटल्यावर सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा केलं, ते निम्म्याहून खाली आलं होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर 16 किलो 800 ग्रॅम भरले. घरी आल्यावर तिने स्वतः कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलीने तो आकडा लिहिला, 8 उलटा काढून.